नेदरलँड्समध्ये घरी बाळंतपण आणि डूलाची सोबत: नव्याने आलेल्यांसाठी

नेदरलँड्समध्ये राहायला आल्यावर दिवस गेल्याचे कळले की सवयीने पहिला प्रश्न मनात येतो, चांगली गायनॅक कुठली? इथे गरोदर बाई आधी मिडवाइफकडे जाते आणि सगळे सुरळीत असेल तर शेवटपर्यंत तिच्याकडेच राहते. गायनॅकॉलॉजिस्टची कदाचित गाठही पडत नाही. वर ही मिडवाइफ पहिल्या-दुसऱ्या भेटीतच सहज विचारते, "बाळंतपण घरी करायचंय की हॉस्पिटलमध्ये?" दचकू नका. या देशात साधारण सातांतले एक बाळ घरी जन्माला येते. घरचे बाळंतपण हा इथल्या आरोग्यव्यवस्थेचा रीतसर भाग आहे आणि विम्यातही बसतो.

निर्णय कसा घ्यायचा, कोणत्या आठवड्यात काय करायचे आणि डूला, म्हणजे बाळंतपणात सतत सोबत करणारी बाई, कशासाठी घ्यायची, हे पुढे क्रमाने सांगते. माझे म्हणणे एवढेच की ज्यांना घरी बाळंत व्हायचे आहे त्यांनी हॉस्पिटलची तयारीही तितक्याच मनापासून करावी, आणि दोन्ही ठिकाणी शेवटपर्यंत बरोबर राहील असे एक माणूस आधीच ठरवून ठेवावे. माहेर हजारो मैल दूर असताना या दुसऱ्या गोष्टीची किंमत फार मोठी असते.

आधी माणसे ओळखून घ्या

मिडवाइफला इथे फरलॉसकुंदिखे म्हणतात. चार वर्षांची पदवी घेतलेली आणि सरकारी नोंदणी असलेली ही व्यावसायिक असते. नोंदणीचे रजिस्टर सार्वजनिक असल्यामुळे नाव टाकून कुणालाही बघता येते. गरोदरपणातल्या तपासण्या, बाळंतपण, साधे टाके आणि नंतरच्या घरभेटी हे सगळे तिचे काम. धोक्याची खूण दिसली की ती हॉस्पिटलकडे सोपवते, आणि काय दिसल्यावर सोपवायचे याची देशभर वापरली जाणारी यादी आहे. हा तिच्या मर्जीचा मामला नाही.

क्रामझोर्ख म्हणजे बाळंतिणीची घरी येणारी मदत. प्रशिक्षित बाई घरच्या बाळंतपणात मिडवाइफच्या हाताशी असते आणि नंतर आठवडाभर रोज काही तास येते. बाळंतिणीचे टाके, ताप आणि गर्भाशय आकसते आहे की नाही हे पाहते, बाळाचे वजन करते, कावीळ ओळखते, अंगावर पाजायला शिकवते. शिवाय बाथरूम पुसते आणि पाहुण्यांना चहाही देते. परक्या देशात बाळंत होणाऱ्या बाईला यापेक्षा मोठा आधार मी तरी पाहिलेला नाही.

डूला ही तिसरी. ती वैद्यकीय काहीही करत नाही. आतून तपासत नाही, बाळाचे ठोके ऐकत नाही, रक्तदाब घेत नाही. कळा सुरू झाल्यापासून बाळ येईपर्यंत ती तुमच्याजवळ असते, तेच तिचे काम. मिडवाइफ आणि डूला एकच असे समजून डूलाच्या भरवशावर घरी बाळंत व्हायचा विचार कुणी बोलून दाखवला तर त्यांना तिथेच थांबवा.

सहावा ते बारावा आठवडा: फोन करायची कामे

मिडवाइफकडे जायला हाउसआर्ट्सची, म्हणजे फॅमिली डॉक्टरची, चिठ्ठी लागत नाही. सहाव्या-सातव्या आठवड्यात घराजवळच्या दोन-तीन मिडवाइफ प्रॅक्टिसना फोन करा. बहुतेक ठिकाणी इंग्रजीत व्यवस्थित बोलता येते. जवळचीच निवडा, कारण घरी बाळंतपण म्हणजे रात्री तीन वाजता ती सायकल किंवा गाडी काढून तुमच्याकडे येणार.

प्रॅक्टिस ठरवण्याआधी मी हे नक्की विचारले असते: तुमच्याकडे किती मिडवाइफ आहेत आणि माझ्या वेळी ओळखीची कुणी येईल का? घरची बाळंतपणे नियमित करता का? कुठल्या हॉस्पिटलशी काम करता आणि माझ्या घरून तिथे किती मिनिटे लागतात? हॉस्पिटलला हलवावे लागले तर तुम्ही थांबता की तिथल्या टीमकडे सोपवून परतता? डूला असलेली चालेल का? शेवटच्या प्रश्नावर समोरची व्यक्ती अवघडली तर ते लक्षात ठेवा. पुढे त्या दोघींनाच तुमच्या खोलीत एकत्र काम करायचे आहे.

याच सुमारास क्रामझोर्खसाठी नाव नोंदवा. बाराव्या आठवड्यापर्यंत झालेच पाहिजे. या क्षेत्रात माणसे कमी आहेत आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत तर फारच कमी पडतात. उशीर झाला की मिळतील ते तास घ्यावे लागतात. विमा किमान २४ आणि जास्तीत जास्त ८० तास देतो. बहुतेकींना पन्नासेक तास मिळतात, आणि तासाला पाच-सहा युरो आपल्या खिशातून जातात.

विम्याचे थोडक्यात. इथे राहायला आल्यावर चार महिन्यांच्या आत बेसिक विमा घेणे सक्तीचे आहे आणि जोडीदाराच्या व्हिसावर आलेल्यांनाही ते लागू आहे. मिडवाइफची सेवा आणि घरचे बाळंतपण यात येते, आणि त्यावर 'आयखन रिसिको', म्हणजे आधी स्वतः भरायची ३८५ युरोंची रक्कम, लागू होत नाही. मात्र रक्ततपासण्या, औषधे आणि ॲम्ब्युलन्सचा खर्च त्यातून कापला जातो. वैद्यकीय कारण नसताना केवळ इच्छा म्हणून हॉस्पिटल निवडले तर काही शे युरो स्वतः भरावे लागतात. घराची निवड मात्र या पैशांसाठी करू नका.

घरी होऊ शकते का?

सुरुवातीच्या अटी सरळ आहेत. एकच बाळ, डोके खाली, ३७ ते ४२ आठवड्यांच्या दरम्यान सुरू झालेल्या कळा, आधी सिझेरियन झालेले नाही, रक्तदाब ठीक. मागच्या खेपेला एक लिटरहून जास्त रक्तस्राव झाला असेल किंवा वार हाताने काढावी लागली असेल, तर यावेळी जागा हॉस्पिटलचीच. बाळ पायाळू किंवा जुळे असेल तर तेच.

आपल्या बायकांनी मधुमेहाकडे खास लक्ष द्यायला हवे. दक्षिण आशियाई बायांना गरोदरपणातल्या मधुमेहाचा धोका जास्त असतो, म्हणून २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान इथे साखरेचे पाणी पिऊन करायची तपासणी सांगतात. सांगितली नाही तर आपण होऊन विचारा. इन्सुलिन लागले तर बाळंतपण हॉस्पिटलच्या देखरेखीखाली होते. हिमोग्लोबिन फार उतरलेले असेल तरी घराचा विचार पुन्हा करावा लागतो. तेव्हा 'आम्ही घरीच करणार' असे पाचव्या महिन्यात सगळ्यांना सांगून टाकू नका. निर्णय कळा सुरू होईपर्यंत उघडाच असतो, आणि सुरू झाल्यावरही बदलता येतो.

आता सुरक्षिततेबद्दल. घरचे लोक फोनवर हाच प्रश्न विचारणार, त्यामुळे आकडे जवळ असू द्या. इंग्लंडमधला 'बर्थप्लेस' हा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कमी धोक्याच्या सुमारे ६४,००० बाया होत्या. ज्यांचे आधी एक तरी बाळंतपण झाले होते त्यांच्या बाळांच्या बाबतीत घर आणि हॉस्पिटल यांत फरक दिसला नाही. पहिलटकरणींच्या बाबतीत मात्र दिसला. बाळाला गंभीर इजा होणे किंवा बाळ दगावणे हे सगळे धरून हॉस्पिटलमध्ये हजारी ५.३ आणि घरी हजारी ९.३. दोन्ही आकडे लहान आहेत, पण फरक खरा आहे आणि तो लपवू नये. नेदरलँड्समध्ये २००९ मध्ये सव्वापाच लाखांहून जास्त कमी धोक्याच्या बायांच्या नोंदी तपासल्या गेल्या, आणि तिथे घर व हॉस्पिटल यांत असा फरक आढळला नाही.

इथे मिडवाइफ, क्रामझोर्ख, ॲम्ब्युलन्स आणि हॉस्पिटल एकाच साखळीत काम करतात, अंतरे कमी आहेत आणि कधी हलवायचे हे ठरलेले आहे. मला वाटते, घराची सुरक्षितता या साखळीवर उभी आहे. म्हणून दुसऱ्या देशातल्या मैत्रिणीचा अनुभव इथे लावू नका आणि इथला तिथे लावू नका. ज्या देशात मिडवाइफ हॉस्पिटलशी जोडलेली नाही तिथे हाच निर्णय वेगळा असतो.

माझे मत विचाराल तर, दुसऱ्या खेपेला आणि पहिले बाळंतपण साधे झाले असेल तर घर हा उत्तम पर्याय आहे. पहिल्या खेपेला हॉस्पिटल गाडीने पंधरा-वीस मिनिटांच्या आत असेल आणि गरज पडली तर जायची मनाची तयारी असेल, तर जरूर विचार करा. अंतर त्याहून जास्त असेल तर पहिलटकरणीला मी घराचा आग्रह करणार नाही. आणि तुम्हाला एपिड्युरल, म्हणजे कळांच्या वेदना थांबवणारे पाठीतले इंजेक्शन, हवेच आहे हे आजच माहीत असेल तर घर सोडून द्या. ते घरी मिळत नाही. वेदना सहन करण्यात कसला पराक्रम नाही.

घरून हॉस्पिटलला जायची वेळ आली तर

हा भाग सगळ्यात नीट वाचा, कारण पहिलटकरणींच्या बाबतीत हे बरेचदा घडते. त्याच इंग्लंडच्या अभ्यासात घरी सुरुवात केलेल्या पहिलटकरणींपैकी ४५ टक्क्यांना हलवावे लागले. आधी बाळंत झालेल्यांमध्ये हे प्रमाण १२ टक्के होते.

आकडा ऐकून डोळ्यांसमोर सायरन येतो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा कारण घाईचे नसते. कळा येत राहतात पण पिशवीचे तोंड उघडायचे थांबते. बाई थकते आणि इंजेक्शन मागते. पाणी जाऊन चोवीस तास होतात तरी कळा नाहीत. पाण्यात बाळाची शी दिसते. अशा वेळी पुष्कळदा आपल्याच गाडीतून जातात आणि मिडवाइफ आधी फोन करून कळवते. खरी घाई असते ती बाळाचे ठोके मंदावले, रक्तस्राव थांबेना किंवा वार अडकली तर. तेव्हा ॲम्ब्युलन्स येते. तोवर लागणारा ऑक्सिजन, बाळाला श्वास द्यायचा मास्क, गर्भाशय आकसण्याचे इंजेक्शन आणि सलाइनची सोय मिडवाइफच्या बॅगेत असते. ही बॅग एका भेटीत तिच्याकडून उघडून दाखवून घ्या. नवऱ्याची आणि आईची निम्मी काळजी तिथेच मिटते.

तिथे पोहोचल्यावर तुमची मिडवाइफ बहुधा सगळी माहिती हॉस्पिटलच्या टीमला देते आणि परतते. खोली नवी, चेहरे नवे, आपसातली भाषा डच, आणि बाई कळांमध्ये. डूला असेल तर या क्षणी बदलत नाही ती एकटीच. घरी तुमच्या पाठीवर ज्या हाताने दाब देत होती त्याच हाताने ती इथेही देते. डूलाचा खर्च कशासाठी असे कुणी विचारले तर मी हा प्रसंग सांगते.

कारण वैद्यकीय असेल तर हॉस्पिटलचे बाळंतपण विम्यात येते. सगळे ठीक असेल तर काही तासांतच घरी पाठवतात. तीन दिवस ॲडमिट राहायची कल्पना मनातून काढून टाका. पुढची काळजी क्रामझोर्ख घरी येऊन घेते.

डूला कशी निवडायची

बाळंतपणात सतत एक माणूस सोबत असल्याने फरक पडतो, हे नुसते मनाचे समाधान नाही. अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात १५,०००हून अधिक बायांवरच्या चाचण्या एकत्र पाहिल्या गेल्या. सतत सोबत मिळालेल्यांमध्ये नैसर्गिक बाळंतपणे जास्त, सिझेरियन कमी, वेदनाशामके कमी आणि कळांचा काळही थोडा लहान आढळला.

खोलीत ती काय करते? कळ आली की दोन्ही तळहातांनी माकडहाडावर घट्ट दाब देते. तासा-दीड तासाने लघवीला जायची आठवण करते, कारण भरलेले मूत्राशय बाळाची वाट अडवते आणि बाईला त्या वेळी ते कळत नाही. स्ट्रॉ लावून पाणी तोंडाशी धरते. नवऱ्याला सांगते, जा, दोन घास खाऊन घे, मी आहे. मिडवाइफ काही सुचवते तेव्हा ती उत्तर देत नाही, तुमच्याकडून प्रश्न काढून घेते: हे आत्ताच करायला हवे का? तासभर थांबलो तर काय होईल? दुसरा मार्ग आहे का? कळांमध्ये हे तीन प्रश्न आपले आपल्याला सुचत नाहीत. नवरा घाबरलेला असतो, त्यालाही सुचत नाहीत.

शोध विसाव्या आठवड्याच्या आसपास सुरू करा. नेदरलँड्समध्ये डूलांची व्यावसायिक संघटना आहे, तिथल्या यादीतून भाषा आणि शहर पाहून नावे काढता येतात. पण डूला हे पद कायद्याने संरक्षित नाही. कुणीही स्वतःला डूला म्हणवू शकते. त्यामुळे दोघी-तिघींना भेटा. पहिली ओळखभेट बहुतेक जणी पैसे न घेता देतात. त्या भेटीत नवरा असलाच पाहिजे.

विचारायचे ते असे: प्रशिक्षण कुठे घेतले? घरून हॉस्पिटलला हलवलेल्या बाळंतपणांत होतीस का? तेव्हा तू काय केलेस? माझ्या तारखेच्या आसपास दुसरी कुणी बाई तुझ्या यादीत आहे का? तू आजारी पडलीस तर कोण येईल आणि तिला मी आधी भेटू शकेन का? मी एपिड्युरल मागितले तर तू काय म्हणशील? या शेवटच्या प्रश्नाचे 'तुला हवे ते' यापलीकडे काही उत्तर आले तर दुसरी शोधा. हॉस्पिटलबद्दल विष ओकणारी, मिडवाइफचा सल्ला धुडकावायला सांगणारी, 'माझ्या बायांची सिझेरियन होत नाहीत' अशी हमी देणारी, या तिघींपासून चार हात लांब राहा.

खर्च साधारण हजार ते दोन हजार युरो. बेसिक विमा हे देत नाही. काही पूरक विमा पॅकेजे थोडा भाग देतात, वर्षाअखेरीस विमा बदलताना ते बघून घ्या. या पैशांत सहसा दोन-तीन आधीच्या भेटी, ३८व्या ते ४२व्या आठवड्यात चोवीस तास फोनवर हजर असणे, संपूर्ण बाळंतपण आणि नंतरची एक भेट असते. हे सगळे लेखी घ्या. आयत्या वेळी सिझेरियन ठरले तर ती काय करेल हेही त्यात असू द्या, कारण ऑपरेशन थिएटरमध्ये पुष्कळ हॉस्पिटले एकालाच आत सोडतात. पैसे जड जात असतील तर शिकाऊ डूला बघा. त्यांना अनुभवासाठी बाळंतपणे हवी असतात आणि त्या बऱ्याच कमी पैशांत येतात. बाळंतपण अनुभवलेली, शांत डोक्याची मैत्रीणही चालेल. तिच्यासह एकदा मिडवाइफकडे जाऊन या.

आई असताना डूला कशाला, असे घरचे म्हणतील. आईने जरूर यावे. पण शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते. ३७व्या आठवड्यात आली तर बाळ दोन-सव्वादोन महिन्यांचे होईपर्यंत ती असेल, हे गणित आधी मांडा. दुसरे, स्वतःच्या मुलीला कळा देताना पाहणे आईला सोपे नसते. "बस झाले, हॉस्पिटलला चला" हे तिच्या तोंडून निघणारच, आणि ते ऐकून मुलीचा धीर सुटतो. आईला घरातले एक काम नेमून द्या, खोलीत कधी यायचे ते आधी बोलून ठेवा, आणि तिला मिडवाइफची एक भेट घडवा. तिची भीती मायेपोटीच असते, तिला उत्तरे मिळाली की ती पुष्कळ कमी होते.

३७व्या आठवड्यापर्यंत घर तयार

क्रामपाकेत हे बाळंतपणाच्या साहित्याचे खोके विमा कंपनीकडून मागवा. गादीवर घालायची शोषक आवरणे, मोठे पॅड, गॉज, नाळेचा चिमटा असे सामान त्यात असते. पुष्कळ कंपन्या ते मोफत देतात, पण आपण मागितले तरच.

पलंग गादीसकट ७० ते ८० सेंटीमीटर उंच लागतो. मिडवाइफ आणि क्रामझोर्खची बाई तासन्‌तास वाकून काम करू शकत नाहीत, आणि पलंग बुटका असेल तर काम नाकारायचा त्यांना हक्क आहे. पायांखाली घालायचे ठोकळे रुग्णसाहित्याच्या दुकानातून भाड्याने मिळतात. पलंगाच्या दोन्ही बाजूंना उभे राहता आले पाहिजे.

मग जिना बघा. इथल्या जुन्या घरांचे जिने अरुंद आणि उभे असतात, स्ट्रेचर वळत नाही. अशा घरात आडव्या बाईला खाली आणायला अग्निशमन दलाची शिडीगाडी लागू शकते. पलंग तळमजल्यावर आणता येत असेल तर आणा, नाहीतर मिडवाइफला जिना दाखवून तिचे मत घ्या. ती ३४-३५व्या आठवड्याच्या सुमारास घर बघायला येते, तेव्हाच विचारा. पाण्याचा टब भाड्याने घ्यायचा असेल तर साडेचारशे-पाचशे लिटर पाणी म्हणजे अर्धा टन वजन, हे लाकडी जमिनीच्या घरात आधी तपासायला हवे. गरम पाण्याचा बॉयलर तेवढे पाणी देतो का, याचीही एकदा रंगीत तालीम करा.

यादीतली एक गोष्ट आपल्याला नवी असते: धातूची गरम पाण्याची बाटली, 'क्राउक'. दोन घ्या. उकळते पाणी काठोकाठ भरायचे, झाकण घट्ट लावायचे, उलटी करून थेंब गळतो का पाहायचे आणि कापडी पिशवीत घालायची. बाळ येण्याआधी त्याचे कपडे आणि पाळणा याने गरम करतात. बाळ पाळण्यात असताना बाटली पांघरुणाच्या वर ठेवतात, बाळापासून वीतभर लांब. गळकी किंवा अंगाला लागून ठेवलेली बाटली बाळाला भाजते, त्यामुळे सेकंडहँड घेतली तर झाकणाचे रबर नवे बसवा.

बादली, जोरदार प्रकाशाचा दिवा, थर्मामीटर, जुने टॉवेल, कचऱ्याच्या जाड पिशव्या जवळ ठेवा. आणि दाराशी हॉस्पिटलची भरलेली बॅग: पासपोर्ट किंवा रेसिडेन्स कार्ड, विमा कार्ड, बाळाचे कपडे, चार्जर. बाळाची कारसीट गाडीत एकदा बसवून बघा. घरी बाळंत व्हायचे ठरले म्हणून बॅग न भरणारी बरीच जोडपी भेटतात, आणि ऐन वेळी नवरा कपाटे उघडत फिरतो.

जन्माबद्दलच्या तुमच्या इच्छा एका पानावर, इंग्रजीत किंवा डचमध्ये लिहून मिडवाइफ आणि डूलाला द्या. एकच पान, कारण मोठे कुणी वाचत नाही. वेदना वाढल्यावर तुम्ही मराठीत बोलायला लागाल हेही त्यात लिहा, आणि 'नको', 'थांबा', 'पाणी', 'इथे दाब' असे शब्द डूलाला शिकवून ठेवा.

फोन कधी करायचा

पहिल्या खेपेला, कळा तीन ते पाच मिनिटांनी, प्रत्येक मिनिटभराची, असे तास-दोन तास चालले की. दुसऱ्या खेपेला त्याआधीच. मिडवाइफ विचारेल: किती मिनिटांनी? किती वेळ टिकते? पाणी गेले का आणि रंग कसा? बाळ हलतेय का? बोलताना फोन बाईकडे द्या. कळ आली असताना ती कशी श्वास घेते यावरून मिडवाइफला पुष्कळ कळते.

या गोष्टींना वाट पाहायची नाही, लगेच फोन: ३७ आठवड्यांआधी कळा किंवा पाणी, हिरवट-तपकिरी पाणी, ताजा रक्तस्राव, बाळाची हालचाल कमी वाटणे, जोराची डोकेदुखी आणि डोळ्यांपुढे काजवे. मिडवाइफ फोन उचलत नसेल आणि परिस्थिती गंभीर असेल तर ११२.

बाळ आल्यावर

जन्माची नोंद तीन दिवसांत करायची, जन्माचा दिवस सोडून. बारशापर्यंत नाव ठरवायचे थांबता येत नाही, तेव्हा दोन नावे आधीच लिहून ठेवा, स्पेलिंगसकट. नोंद होते ती जन्म जिथे झाला तिथल्या खेमेन्तेत, म्हणजे नगरपालिकेत. डीमेनला राहणाऱ्या बाईला आयत्या वेळी आम्स्टरडॅमच्या हॉस्पिटलात जावे लागले तर नोंद आम्स्टरडॅमला. नवरा सहसा हेच काम चुकीच्या गावी जाऊन सुरू करतो. त्याला पहिला आठवडा पूर्ण पगारी रजा असते आणि पुढे सहा महिन्यांत पाच आठवडे ७० टक्के पगारावर घेता येते. नोंद झाली की टाचेतून रक्त घ्यायला आणि कानाची तपासणी करायला माणूस आपोआप घरी येते. टाचेची तपासणी जन्मानंतर ७२ ते १६८ तासांत व्हायला हवी. कुणी आले नाही तर मिडवाइफला सांगा.

या दिवसांत तुमची आई आणि क्रामझोर्खची बाई यांच्यात खटके उडतात. क्रामझोर्खच्या बाईला खिडकी उघडी हवी, बाळ पाठीवर आणि उशीशिवाय झोपलेले हवे. आईला बाळ गुंडाळून, टोपी घालून, आपल्या कुशीत हवे. झोपण्याच्या नियमांत क्रामझोर्खचे ऐका, कारण त्यांचा संबंध झोपेत बाळ दगावण्याच्या धोक्याशी आहे. बाळंतिणीला काय खायला घालायचे आणि अंग कसे चोळायचे यात आईचे चालू द्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नसेल तर मध्ये कुणीतरी समजावून सांगणारे लागते, नंतरच्या भेटीला आलेली डूला ते काम छान करते.

चार महिन्यांच्या आत बाळाचे नाव आपल्या विम्यात घाला, त्याला हप्ता नसतो. आईवडील दोघे भारतीय असतील तर इथे जन्मल्याने बाळ डच नागरिक होत नाही. हेगच्या भारतीय दूतावासात एका वर्षाच्या आत जन्मनोंद करून पासपोर्ट काढायचा, आणि आयएनडीकडे, म्हणजे इथल्या इमिग्रेशन खात्याकडे, बाळाच्या रेसिडेन्स परमिटचा अर्ज करायचा. यासाठी खेमेन्तेकडून जन्मदाखल्याची आंतरराष्ट्रीय प्रत मागून घ्या, नोंदणीच्याच दिवशी दोन प्रती. म्हणजे तान्हे बाळ घेऊन पुन्हा खेप पडत नाही.